हातभर वरून

साहेबांनी चिनी मातीची छोटी बाटली उचलली. माझ्या पेल्याच्या हातभर वर नेली. आणि तिथून ओतलं. मी पेला दोन्ही हातांनी धरला होता. तांदळाची कोमट दारू थोडी पेल्यात पडली, बाकीची माझ्या बोटांवर, मनगटावर, शर्टाच्या बाहीत. समोरचे जपानी पाहुणे हसले. त्यांना वाटलं, साहेबांना चढली. वाढणारी बाई गुडघ्यांवर सरकत रुमाल घेऊन आली.

साहेबांना चढली नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं. त्या खोलीत बाकी कोणालाच नाही.

गावच्या शाळेत आम्हाला पाणी असंच मिळायचं. शिपाई तांब्या उंच धरायचा, आम्ही खाली ओंजळ धरायची. तहान भागायची नाही, सदरा भिजायचा. आधी वाटायचं, सगळ्यांनाच असं मिळतं. मोठ्या वर्गात गेल्यावर कळलं, आम्हालाच. आणि आता मी सिंगापुरात. गळ्यात टाय. बोटीचं इंजिन खोलून पुन्हा बसवणारा माणूस. तरी धार वरून येताना दिसली आणि पेला धरलेल्या माझ्या हातांची आपोआप ओंजळ झाली, हात खाली झुकले. साहेबांचा राग नंतर आला. आधी त्या हातांचा आला.

साहेब पुण्याचे. आमच्या बोटदुरुस्तीच्या कंपनीत वरच्या जागेवर. मी बोटीवरची नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा मराठी ऐकूनच ते खूश झाले. "अरे, तू तर आपला माणूस," म्हणाले. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी कर. त्यावरून कोणाला काही कळत नाही. दर रविवारी ते मला बेडोकला घरी जेवायला बोलवायचे. हौगांगच्या भाड्याच्या खोलीतून मी बस धरून जायचो. वहिनी भातावर वरण, वरणावर तूप वाढायच्या, नको म्हटलं तरी वाढायच्या. परदेशात एकट्या माणसाला आणखी काय लागतं? मी पार विरघळलो.

एका रविवारी वहिनींच्या आई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "कुलदैवत कोणतं हो तुमचं?"

मी म्हणालो, "आम्ही बौद्ध."

मग वहिनी म्हणाल्या, "आई, आमटीत मीठ कमी झालंय का गं?"

तो शेवटचा रविवार. सोमवारपासून साहेबांनी 'अरे' सोडलं. मला 'तुम्ही' म्हणायला लागले. कँटीनमध्ये मी ताट घेऊन आलो की त्यांना नेमका फोन आठवायचा. तक्रार करायची तर कोणाकडे? आणि काय म्हणून? साहेब मला अहो-जाहो करतात म्हणून? तिथल्या कोणाला हे सांगितलं असतं तर माझंच डोकं फिरलंय असं वाटलं असतं.

शिवाय माझी नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की नाही, ते साहेबांच्या मनावर. नोकरी गेली की तिथे राहायचा कामाचा पास गेला, पास गेला की देश सोडायचा. गावाकडे धाकटी बहीण माझ्या जिवावर नर्सिंग शिकत होती. म्हणून मी गिळत होतो. रोज सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं.

अशात जपानहून एका जहाज कंपनीचे लोक आले. त्यांना जेवायला न्यायचं ठरलं, तेही त्यांच्याच पद्धतीच्या हॉटेलात. टॅक्सीत आमच्या ऑफिसातल्या मिस टॅननं मला पढवलं. ती चिनी, मनानं चांगली, तिथल्या लोकांसारखं बोलताना शेवटी 'लाह' लावायची.

"स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायचं नाही, ओके? शेजारच्याला तू ओत, तुला शेजारचा ओतेल. पेला दोन हातांनी धर. सिंपल, लाह."

मला तो रिवाज फार आवडला. वाटलं, काय माणसं आहेत! एकमेकांचा पेला रिकामा राहू देत नाहीत.

बाहेर बूट काढले. आत चटया, बुटकं मेज, कागदाचं सरकतं दार. जमिनीवर बसून जेवणं मला नवं नव्हतं. साहेबांचे गुडघे मात्र कुरकुरत होते. जागा मिस टॅननं ठरवल्या होत्या आणि माझी जागा साहेबांच्या शेजारी होती. ती बिचारी, तिला वाटलं दोघे मराठी, बोलत बसतील.

मी बाटली उचलली, साहेबांकडे वळलो. त्यांनी पेल्यावर तळवा ठेवला.

"नो, नो. इनफ."

पेला कोरडा होता. लगेच समोरून नाकामुरा नावाच्या म्हाताऱ्या पाहुण्यांनी बाटली पुढे केली. साहेबांनी तळवा उचलला, पेला दोन हातांनी धरला, वाकले. मग नाकामुरांना स्वतः ओतलं, बाटली त्यांच्या पेल्याजवळ नेऊन, खाली दुसरा हात लावून, थेंब न सांडता. माझा पेला तसाच. सगळ्यांनी 'कांपाई' म्हणत पेले उंचावले. मीही उंचावला. रिकामा.

नाकामुरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बोटानं माझा पेला दाखवला. मी तोंड उघडणार, तोवर साहेब बोलले.

"ही इज बुद्धिस्ट, सर. नो ड्रिंकिंग."

"आय ऑल्सो बुद्धिस्ट!" नाकामुरा म्हणाले आणि आपला पेला घटाघटा रिकामा केला. सगळे हसले. साहेबही हसले. ज्या शब्दावर त्यांच्या घरी जेवणं थांबली होती, तो शब्द इथे त्यांच्या सोयीला आला. खरं सांगायचं तर पंचशील मी म्हणतो, आणि त्यात दारू वर्ज्य आहे. बोटीवर ते पाळणं मला जमलं नाही. पण तो माझा मामला. नको म्हणायचं असेल तर मी म्हणेन ना! साहेबांनी माझ्या तोंडून काय म्हणून बोलावं?

नाकामुरांनी बाटली साहेबांच्या हातात दिली. शेजारी तेच होते. "प्लीज," म्हणाले. सगळे बघत होते. साहेबांना सुटका नव्हती. आणि मग त्यांनी ती बाटली हातभर वर नेली.

माझी बाही पुसून झाली. साहेब पाहुण्यांकडे हसून बघत मराठीत मला म्हणाले, "प्या आता. तमाशा नको."

मी पेला खाली ठेवला. "नाही पिणार."

"आह! गुड बुद्धिस्ट," म्हणत नाकामुरांनी माझ्याकडे बघून मान झुकवली.

नाही म्हणालो, तर तेही साहेबांच्याच खात्यात गेलं. ओरडावंसं वाटत होतं. पण वरून ओतणं म्हणजे काय, हे इंग्रजीत कसं सांगतात? माझी इंग्रजी इंजिनापुरती. मी मान खाली घालून गार मासा गिळत राहिलो. कधी नव्हे इतका असहाय झालो होतो त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात कळलं, नोकरी पक्की होणार नाही. कारण, पाहुण्यांसमोर पेला नाकारला, रीतभात समजत नाही. मिस टॅनला वाईट वाटलं. "पण तो तुमचाच माणूस ना?" ती म्हणाली. मी चहाच्या टेबलावरचा ग्लास घेतला, त्यावर बाटली उंच धरली आणि पाणी ओतून दाखवलं. आमच्याकडे असं करतात, आम्हाला शिवायला नको म्हणून. ती टिश्यूनं टेबल पुसत म्हणाली, "हाय्या, तो दमला असेल, लाह." तिला नाहीच कळलं.

मी तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, त्या दिवशी तुमचा हात चुकला नव्हता."

त्यांनी बाहेर पाहिलं. टेबलांवरच्या माना वर झाल्या होत्या. ते हळूच म्हणाले, "आधी दार लावा."

मी दार लावलं नाही. वरून का ओतलं, ते इंग्रजीत सांगितलं. मोडक्या, चुकीच्या, पण शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. कोणाला किती समजलं, माहीत नाही. पास गेला. मी परत आलो. बहिणीचं शिक्षण अडलं, आणि त्याचं दुःख मला आजही आहे. पण ते दार लावलं नाही याचं नाही. दार लावून बोलायला सांगणारे अजून भेटतात, घरात भेटतात, कचेरीत भेटतात. मी दार उघडं ठेवतो आणि बोलतो. ऐकणाऱ्याला कळो न कळो. मरेपर्यंत असाच बोलणार.