धाकटीच्या दारात

नात्यात तिला सगळे थोरली म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पेशंटला चावून बघायला लावायचं. केसाइतकाही फरक तिला खपत नसे. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे घरातही तिची नजर तशीच फिरे. नाताळच्या जेवणाला तिच्याकडे घरची धरून सोळा माणसं असायची, आणि त्याआधी तीन आठवडे नवऱ्याला घरात कुठे टेकावं तेच कळत नसे. "मलाही एकदा धुऊन वाळत घाल, म्हणजे सुटलो," तो म्हणायचा. ती हसायची नाही.

आई गेल्यावर हे जेवण तिने आपल्याकडे घेतलं होतं. भावंडं एकत्र राहावीत म्हणून, असं ती सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

मागच्या नाताळला धाकट्या भावाच्या बायकोच्या, धाकटीच्या, हातून आईचं काचेचं मोठं भांडं निसटलं आणि फुटलं. थोरली फटकन बोलून गेली, "तुझ्याकडे काही टिकतच नाही!"

दोनच महिन्यांपूर्वी धाकटीचं पोटातलं मूल गेलं होतं. पाचवा महिना होता. धाकटीने पर्स उचलली आणि ती निघाली. भाऊ तिच्यामागे गेला.

"मी भांड्याबद्दल बोलले," असं थोरली वर्षभर सगळ्यांना सांगत राहिली. नवऱ्याला, दोन भावांतल्या मोठ्याला, चर्चच्या पाळकांनाही. रोज प्रार्थनेत त्या दोघांना सुबुद्धी दे म्हणून मागत राहिली. धाकटीशी मात्र एक शब्द बोलली नाही.

या वर्षी तिने आमंत्रणाचा फोन केला, तर भाऊ म्हणाला, "ताई, आम्ही नाही येत."

"अरे, वर्ष झालं त्याला!"

"हो. वर्ष झालं." आणि त्याने फोन ठेवला.

नाताळच्या दिवशी चर्चमधून आल्यावर ती ताटं मांडत होती. चौदा. टेबलाभोवती कशी नीट बसली, दाटी नाही की काही नाही. 'बरंच झालं,' तिच्या मनात आलं. मग आपण काय म्हणालो, ते तिचं तिलाच ऐकू आलं. हातातलं ताट तसंच धरून ती खुर्चीत बसली.

"मी जाऊन येते," ती नवऱ्याला म्हणाली.

"आत्ता? तासाभरात माणसं येतील!"

"गॅसकडे बघ." ॲप्रन काढायचंही तिला सुचलं नाही.

दार धाकटीने उघडलं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं थोरलीच्या डोक्यातून उडून गेली. 'मी भांड्याबद्दल' एवढं मात्र जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तसं बोलताना मला ठाऊक होतं, तुला कुठे लागेल ते. माझं चुकलं गं."

धाकटी म्हणाली, "मग वर्षभर सगळ्यांना दुसरंच का सांगितलंत?"

"लाज वाटत होती."

"ताई, मी माफ केलं म्हणणार नाही. तोंडदेखलं मला जमत नाही."

"नको म्हणूस."

थोरली वळली, तेवढ्यात मागून आवाज आला, "मुलगी होती. कुणी विचारलंच नाही मला."

थोरली परत फिरली. "सांग ना," ती म्हणाली.

धाकटी सांगत गेली. हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर, नर्सने चादरीत गुंडाळून हातात दिलेलं इवलंसं गाठोडं, घरी आल्यावर दोघांनी गुपचूप ठेवलेलं नाव. थोरली पायपुसण्यापाशी उभी राहून ऐकत होती. मध्येच कधीतरी धाकटीने स्टूल पुढे सरकवलं.

ती घरी परतली तेव्हा माणसं कधीच आली होती. बटाटे करपले होते, मुलं जमिनीवर बसली होती, मोठा भाऊ वेडावाकडा पाव कापत होता. तिला दारात पाहताच सगळे सावरून बसले. एका पोराने पटकन पाय आखडले. ही माणसं आपल्याला भितात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"मी धाकटीकडे गेले होते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "मागच्या वर्षी ते मी भांड्याबद्दल बोलले नव्हते."

जेवणाआधीची प्रार्थना दरवर्षी तीच करायची. आज तिने डोळे मिटले आणि तोंडातून शब्दच फुटेना. मोठ्या भावाने ती अडखळत पुरी केली. "बस आता," तो म्हणाला, "तूही जेव." कुणीतरी वाढलेलं गार, करपट अन्न ती मुकाट्याने जेवली. जीव थाऱ्यावर नव्हता, पण घासामागून घास उतरत होता. कितीतरी वर्षांत नाताळचं जेवण ती खाली बसून जेवली नव्हती.

धाकटी त्या वर्षी आली नाही, पुढच्याही नाही. थोरली रविवारी दुपारी तिच्याकडे जात राहिली. कधी दार उघडे, कधी भाऊ आतूनच म्हणे, "झोपलीय ती." मग ती तशीच परत येई. तिसऱ्या नाताळला धाकटी आली. अर्धा तास बसली, जेमतेम दोन घास खाल्ले, आणि गाणी सुरू व्हायच्या आत उठली. थोरली तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. उतरताना धाकटीने तिचा दंड धरला होता, पायऱ्या ओल्या होत्या म्हणूनही असेल.