चटणी डाव्या अंगाला

जेवायला बसला की आमचा पेंटर आधी ताटाची उजवी बाजू साफ करायचा. मग दोन्ही हातांनी ताट धरून ते अर्धं फिरवायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "आता त्या अंगानं." डावीकडची चटणी फिरून उजवीकडे आली की त्याचा चेहरा खुलायचा. जणू ती आत्ताच कुणीतरी आणून वाढली. नवख्या माणसाला वाटे, काही नेम-व्रत असावं. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या भाबड्या पाहुण्यानं त्याचं पाहून आपलंही ताट फिरवलं, त्याचं पाहून पलीकडच्यानं फिरवलं. तुम्ही हसाल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. निम्मी पंगत ताटं फिरवत होती आणि पेंटर मान खाली घालून जवसाची चटणी खात होता.

माझं कामरगावात गॅसबत्त्यांचं दुकान होतं. लग्नाला, कीर्तनाला, मोहरमला बत्त्या माझ्याकडूनच जात. मी चिडका माणूस. ऐन मंगलाष्टकांत बत्तीची जाळी फुटली की अख्खा मांडव नवरा-नवरीला सोडून तुमच्याकडे बघतो, मग दुसरं काय होणार? बत्त्यांखेरीज माझ्याकडे एक जादूचा कंदील होता. काचेवर काढलेलं चित्र त्यात सरकवायचं, मागं कार्बाइडचा दिवा लावायचा, की समोरच्या पडद्यावर ते चित्र पुरुषभर मोठं होऊन पडे. काचा पेंटर रंगवी, गोष्टही तोच सांगे, उजेड माझा. पोहरादेवीच्या यात्रेत आमचा खेळ सुरू झाला की शेजारच्या फुगेवाल्याचा धंदा बसे. ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. लढाईत घासलेट मिळेना, कार्बाइड तर दिसेनाच, आणि कंदील माळ्यावर गेला तो गेलाच.

पेंटरचा मूळ धंदा नाटकांचे पडदे रंगवायचा. त्याच्या राजवाड्यांना इतके खांब असत की नटांनी उभं कुठं राहायचं हा प्रश्न पडे. असाच एक दरबार एका गावी वर ओढताना दोरी तुटली आणि पडद्याचा वासा त्याच्या डोक्यात उजव्या बाजूला बसला. पुढं कितीतरी वर्षं तो लोकांना सांगायचा, "दरबार माहाच होता, भाई. दुसऱ्याचा असता तं मी कोर्टात गेलो असतो."

शुद्धीवर आला, बोलायला लागला, हिंडायला लागला. डावा हात जरा जड पडला होता, बाकी माणूस तोच. आम्ही म्हटलं, सुटला. मग घरात चटणीवरून भांडण सुरू झालं.

तो रोज जेवता जेवता विचारी की चटणी काहून बंद केली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगत, वाढली आहे. तो म्हणे, नाही. वहिनी म्हणत, डोळे फुटले काय? चटणी ताटात डाव्या बाजूला, जिथं असते तिथंच असायची. तो उजवीकडची भाजी खायचा, भाकरीचा उजवा अर्धा खायचा आणि उठायचा. वहिनींना वाटे, मुद्दाम छळतो. त्याला वाटे, बायको उपाशी ठेवते. या एका चटणीवरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी भावकीच्या बांधावरूनही होत नाहीत.

एक दिवस तो माझ्या दुकानात आला तो अर्धी दाढी करून. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर आठवड्याचे खुंट, आणि मिशी फक्त उजवीकडे कोरलेली. मी आरसा पुढं धरला तर त्यात बघून म्हणतो, "चांगली झाली नाई?"  मी त्याला वाशिमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटं नाचवून, कागदावर रेघा ओढायला लावून तपासलं आणि सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. माराने मेंदूला डाव्या बाजूचा विसर पडतो. तिकडं काही आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही. सुधारेल, पण सावकाश, आणि त्याला सारखं तिकडं वळायला लावा.

घरी येऊन मी वहिनींना म्हटलं, चटणी तेवढी उजवीकडं वाढत जा, भांडण मिटेल. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाय मारली आहे.

"चटनी डाव्या अंगालेच असते, भाऊ. त्याईचं डोस्कं फुटलं म्हून म्या ताटाची रीत मोडू काय? ताट त्याईनं फिरवावं."

आणि खरंच त्यांनी चटणी हलवली नाही. रोज पाठीशी उभ्या राहून त्या बजावायच्या, आता त्या अंगानं. काही महिन्यांनी बजावणं सुटलं, तो आपणच म्हणायला लागला. रस्त्यात चालतानाही थांबून मान डावीकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "आता त्या अंगानं," मग तिकडं उभ्या असलेल्या माणसाला रामराम घालायचा. तो माणूस बिचारा केव्हाचा हात जोडून उभा असे. डॉक्टरांच्या औषधानं किती गुण आला मला माहीत नाही. वहिनींच्या हट्टानं आला हे मी पाहिलंय.

पण पोळ्यानं घात केला.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला, अंगावर गेरूचे ठसे उमटवायला लोक पेंटरलाच बोलवत. त्या साली एका मातब्बर शेतकऱ्याचा पांढराशुभ्र बैल त्याच्या हवाली झाला. पेंटरनं जीव ओतला. ठसे, वेलबुट्टी, एका शिंगाला हिंगूळ आणि वर सोनेरी कडी. घाईत 'त्या अंगानं' म्हणायचं राहून गेलं. मिरवणूक तोरणाखाली आली तेव्हा एका बाजूच्या लोकांनी वाहवा केली आणि दुसऱ्या बाजूच्यांनी विचारलं, हा बैल आंघोळ न घालताच आणला काय? पोळ्याच्या झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, म्हणणाऱ्यांना तर आयतंच सापडलं. अर्ध्या बैलावर तिथल्या तिथं झडती रचली गेली आणि ती बैलापेक्षा जोरात गावात फिरली.

एवढ्यावर भागतं तर हसून सोडलं असतं. पण पेंटरची पोरगी लग्नाची होती. जऊळक्याला स्टेशनाजवळ सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, दुकान असलेल्या एका गृहस्थांच्या मुलाशी बोलणं जवळजवळ ठरलं होतं. झडती आगगाडीनं जऊळक्याला पोचली म्हणा ना. निरोप आला, पोरीचा बाप वेडा झाल्याचं ऐकतो; असलं रक्तात उतरतं; आम्ही विचार करून कळवू. 'विचार करून कळवू' याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. पोरीनं निरोप ऐकला आणि त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

पेंटर दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला की आपण त्याच्या डोक्याचा खेळ करायचा. रामायण नको, हरिश्चंद्र नको. वासा कसा पडला, चटणी कशी हरवली, बैल कसा अर्धा राहिला, सगळं काचांवर काढायचं आणि थेट जऊळक्याला जाऊन दाखवायचं. मी म्हटलं, तू खरंच वेडा आहेस. वहिनी तर भडकल्याच. घरातलं घरात राहू द्या, आपली थट्टा आपणच गावोगाव मिरवायची काय, असं त्यांचं म्हणणं.

तो शांतपणे म्हणाला, "लोक सांगूनच राह्यले. मंग माह्या तोंडानं सांगतो. वेड कोन्तं अन् मार कोन्ता, हे लोकायले दिसलं तं पाह्यजे."

काचा रंगवायला बसला आणि पहिल्याच काचेवर तीच गत. उजवीकडे सगळं भरगच्च, डावीकडे कोरी काच. ताटासारखी काच फिरवून पाहिली तर माणसं डोक्यावर उभी राहिली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अबे, भाकर उलटवतेत तशी उलटव ना." त्यानं काच पालथी केली. कोरा भाग उजवीकडे आला आणि तो त्याला दिसला. माझ्याकडे वळून त्यानं गंभीरपणे विचारलं की हे इतकं कोणी सोडून दिलं. मग मात्र काम धडाक्यात चाललं. अर्धं चित्र काचेच्या या अंगाला, अर्धं त्या अंगाला. पडद्यावर निम्मं चित्र ठसठशीत दिसे आणि निम्मं जरासं पुसट. मी भिंग पुढंमागं करून थकलो, दोन्ही बाजू एकदम कधी जमल्या नाहीत. पेंटर म्हणे, राहू दे, असंच तर आहे.

वाशिमपर्यंत मोटारीनं आणि पुढं गाडीनं आम्ही जऊळक्याला गेलो. वहिनीही आल्या, फजिती किती होते ते पाहायला, असं म्हणून. स्टेशनाजवळच्या दोन निंबांमध्ये पडदा म्हणून धोतर ताणलं. बाजाराचा दिवस होता, दिवे लागायच्या सुमारास माणसं बसली. ढेपवाले गृहस्थ कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, आलो आहे पण आलेलो नाही अशा चेहऱ्यानं.

वासा पडला तेव्हा लोक हळहळले. अर्धी मिशी दिसली तेव्हा हसले. चटणीच्या काचेवर तर बायांच्या बाजूला इतका हशा झाला की पेंटरला थांबावं लागलं. तो माझ्याशेजारी कंदिलाजवळ बसून लांब वेळूनं दाखवत होता, स्वतःची खोडी काढत होता आणि मधेच सांगत होता की डोळे चांगले आहेत, अक्कल होती तेवढी आहे, एका बाजूचा तेवढा विसर पडतो आणि तोही आता कमी होतो आहे. मला वाटलं, जिंकली.

शेवटची काच लग्नाची होती. ती त्यानं त्याच दुपारी स्टेशनच्या बाकावर बसून रंगवली होती. मी ती सरकवली. मधोमध आंतरपाट, उजवीकडे माळ घेतलेला नवरदेव, त्याच्यामागं लाल फेट्यातला वरबाप. आंतरपाटाच्या पलीकडं कोणी नाही. नवरी नाही, तिचे आई-बाप नाहीत. नुसतं उजळलेलं धोतर.

पेंटरला काही कळलं नव्हतं. तो रंगात येऊन सांगत होता, ही माझी पोरगी, हा जावई.  कोपऱ्यातली खुर्ची करकरली, गृहस्थ उठून उभे राहिले होते. मी काच ओढून घ्यायला हात पुढं केला.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं वहिनी उठल्या. फजिती पाहायला आलेली ही बाई पदर सारखा करत सरळ पडद्यापाशी गेली आणि त्या कोऱ्या उजेडात, नवरीच्या आईनं उभं राहायचं तिथं, उभी राहिली. उजेडानं तिचे डोळे दिपले होते. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आता त्या अंगानं पाहा."

पेंटरनं मान फिरवली. त्या कोऱ्या उजेडाकडे, वहिनींकडे पाहिलं. मग वेळू खाली ठेवून मला म्हणाला, "काच उलटवाची राह्यली, भाई." आणि लोकांकडे वळून म्हणाला, "हे असं होते मले. आता तुमी सोता पाह्यलं. अन् कोनी आवाज देल्ला का मले दिसते, हेबी पाह्यलं."

कोणी हसलं नाही. ढेपवाले खुर्चीकडे न जाता पडद्याजवळ आले, आपल्या चित्राकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "माहा फेटा लाल नाई, केसरी हाय. लग्नात समोरून पाहा अन् मंग दुरुस्त करा."

लग्न पुढच्या वैशाखात झालं. बत्त्या अर्थातच माझ्या, आणि एकही जाळी फुटली नाही. मांडवात पेंटरनं व्याह्यांचा फेटा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पुढं ती काच पुरी केली. डावीकडे नवरी काढली, तिच्या मागं वहिनी. वहिनी नवरीपेक्षा मोठ्या झाल्या, पण ते मी बोललो नाही.

पुढं त्याचं दुखणं जवळजवळ गेलं. दाढी दोन्ही गालांची व्हायची, बैल दोन्ही अंगांनी रंगायचे. ताट मात्र तो शेवटपर्यंत फिरवत राहिला. मला वाटतं, वहिनींना बरं वाटावं म्हणूनही असेल. लढाई संपली त्या सुमारास तो दोन दिवसांच्या तापानं गेला. माझ्या दुकानात त्याचं स्टूल होतं, त्यावर मी बरेच दिवस कुणाला बसू दिलं नाही. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा अजून चिडका झाला.

तेरवीला मी ओसरीत बसलो होतो. त्याच्या नावाचं ताट वाढायचं होतं. वहिनींनी भाकर वाढली, भाजी वाढली आणि जवसाची चटणी ठेवली ती उजवीकडे. त्यांच्या चुलतसासूबाईंनी ते लगेच पाहिलं आणि म्हणाल्या की सूनबाई, चटणी डाव्या अंगाला.

वहिनींनी वाटी हलवली नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिकडं ताट फिरवाची आठवन त्याईले कोन करून देईल?"

 वहिनींनी ताट उचलून अंगणात नेऊन ठेवलं. मी घरी आलो आणि एका बत्तीला हवा भरत बसलो. तशी बत्तीची काही गरज नव्हती, दुपारच होती.