नळी कुणाची

चंडीगडला बदली होऊन दोन वर्षं झाली होती आणि लग्नाला सात, तरी घरात पाळणा हलला नव्हता. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, मी ठणठणीत निघाले. मग डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याच्या वीर्याचा नमुना मागितला. तो अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायचा होता. त्या दिवसांत चौकाचौकांत पोलिसांचे नाके असत आणि बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, आत बॉम्ब असेल, असं सारखं बजावलं जाई. नाक्यावर शिपायानं स्कूटर थांबवली, यांना शर्टाच्या आतली बाटली काढायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं. यांनी न अडखळता सांगून टाकलं. त्यानं बाटली दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाला, "रब मेहर करे जी." मागच्या सीटवर लाजेनं मेले ती मी, हे नाहीत.

डॉक्टर वयस्कर सरदारजी होते. यांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण त्यांनी निरखून पाहिले आणि चिठ्ठीच्या मागं चित्र काढायला घेतलं. वृषणं शरीराबाहेर का, तर पोटातली ऊब बीजाला सोसत नाही. वृषणाच्या पाठीला चिकटून दोऱ्याहून बारीक नळी, बोटाच्या दोन पेरांत वेटोळी करून बसवलेली, उलगडली तर वीस फूट भरेल. तिच्यातून सरकता सरकता बीज पोहायला शिकतं. पुढं ती जाड होऊन पोटात चढते आणि मूत्राशयामागं वळसा घेते. मी थक्क होऊन बघत राहिले. सात वर्षं सगळ्यांनी माझ्याच पोटाची चौकशी केली होती, आणि इतकं नाजूक काम शेजारीच होतं! यांची ती वेटोळी दोन्हीकडं बुजली होती. लहानपणीच्या देवींमुळं असं होतं, डॉक्टर म्हणाले.

सासूबाई तेव्हा वाईहून आमच्याकडं आल्या होत्या. यांनी चपला काढता काढता सांगितलं, "नळी बंद आहे." आता आमच्याकडं नळी म्हटली की ती बाईचीच. सासूबाईंनी माझ्याकडं बघून उसासा सोडला आणि दुसऱ्याच दिवशी नणंदेला पोस्टकार्ड टाकलं. यांच्या काही लक्षातच आलं नाही. मी मुद्दाम गप्प बसले, मनातून धुमसत. हा माणूस केव्हा बोलतो ते मला बघायचं होतं.

पंधरा दिवसांनी नणंदेचं कार्ड आलं. सुनेची नळी उघडत नसेल तर दादानं दुसरा विचार करावा, असं तिनं लिहिलं होतं. यांनी ते वाचलं, कपाटातून डॉक्टरांचं चित्र काढलं आणि पोहे निवडत बसलेल्या आईपुढं मांडी घातली.

"आई, नळी माझी बंद आहे. हिची नाही."

"पुरुषाला कुठली आलीय नळी?"

यांनी चित्रावर बोट ठेवून सगळं समजावलं, कुठंही आडपडदा न ठेवता. जन्मदात्या आईला हे असं सांगणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिला नाही. मला यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"पण बंद झाली कशानं?" सासूबाईंनी विचारलं.

मी यांच्याकडं पाहिलं. देवी आल्या तेव्हा एकवीस दिवस लिंबाचा पाला घेऊन त्या यांच्या उशाशी बसल्या होत्या. पोराला मरणातून ओढून आणलं, हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वात मोठं काम.

"डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही," हे म्हणाले.

सासूबाई चित्राकडं बघत राहिल्या, मग यांच्या चेहऱ्याकडं. थोड्या वेळानं त्यांनी नणंदेला लिहायला माझ्याकडं कार्ड मागितलं. मी बंद अंतर्देशीय पत्र पुढं केलं.

"कार्डच दे. माझं पहिलं तिकडं सगळ्या आळीनं वाचलंय."

ते पेटीत टाकायला मीच गेले आणि वाचल्याशिवाय राहवलं नाही. नळी आमच्या मुलाची बंद आहे, सुनेला कुणी बोल लावू नये, असं लिहिलं होतं. खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: देवींनी केलं असावं, मला तेवढा जीवच वाचवता आला.