रोशनीच्या आरामाचा सौदा

रोशनी खांद्यावर लोखंडी बार घेऊन खाली बसली आणि वर आलीच नाही. दोन्ही बाजूंच्या पोरांनी बार धरला म्हणून निभावलं. वजन नव्वद किलो. पंधरवड्यापूर्वी तिने हेच वजन उचलून वर मला विचारलं होतं, "सर, अजून टाकू?" आणि राज्य स्पर्धा आता दोन आठवड्यांवर आली होती.

मी हाताला लावायच्या खडूचा डबा भिंतीवर आपटला. राग आला की माझा हात आधी चालतो.

गोंदियात राइस मिलच्या जुन्या गोदामात माझी जिम आहे. लोखंड मी भंगारवाल्याशी घासाघीस करून किलोच्या भावाने घेतलं, बाक स्वतः वेल्डिंग करून बनवले. तिथे मी पॉवरलिफ्टिंग शिकवतो. त्यात तीनच प्रकार. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारायची. बेंच प्रेस म्हणजे पाठीवर झोपून बार छातीवरून वर ढकलायचा. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. यांतले दोन प्रकार मांड्या आणि कंबरेच्या जोरावर चालतात. हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. स्नायू जिममध्ये वाढत नाही. जिममध्ये तो थकतो, त्याला आतून बारीक बारीक इजा होते. ती भरून येताना तो आधीपेक्षा मजबूत होतो. त्याला साधारण दोन दिवस लागतात, वजन जास्त असेल तर तीनही. म्हणून जड बैठकीनंतर मी पोरांना सुट्टी देतो. यावरून स्टेशनजवळच्या एका जिमवाल्याने माझ्या जिमला 'आराम जिम' नाव पाडलं. माझी तयार झालेली दोन पोरं त्याने याच बोलण्यावर फोडली आणि त्यांची मेडलं आपल्या काचेच्या कपाटात लावली. पुढे तोच जिल्हा संघटनेचा पदाधिकारी झाला. ते मी विसरलेलो नाही.

तर रोशनी. जवळच्या बिरसी गावातल्या पटल्यांची पोरगी, रोज सायकलने यायची. तिच्या वडिलांनी एवढ्या एका मोसमाची परवानगी दिली होती. मेडल आलं तर खेळाडू कोट्यातून पोलिसात अर्ज करायचा. नाही आलं तर उन्हाळ्यात लग्न. पोरगी बघायला येणारे पाहुणेही ठरले होते.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. जेवण? नीट होतं. झोप? नीट होती. सुट्टीच्या दिवशी काय करतेस? "काही नाही सर, घरीच असते." बैठकीची ढब तपासली, तीही बरोबर होती. एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, उस जिम में तो रोज करवाते हैं." त्याला मी बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. मी स्कूटर काढून थेट बिरसीला गेलो. पटल्यांचं शेत विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. वर शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. खाली बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, बायांच्या रांगेत रोशनी कमरेत वाकून धान रोवत होती. सकाळपासून.

तिचे वडील बांधावर छत्री घेऊन उभे होते. मी स्कूटरवरूनच ओरडायला लागलो. त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"मास्तर, तुमीच तं म्हणता आज सुटी हाय."

"सुटी म्हणजे आराम, पटले भाऊ."

"मंग घरीच तं हाय ते. शेत काई परक्याचं नोहोय. मजूर भेटून नाही राहिले, रोवणी कोन करन?"

मी सांगितलं की रोवणीत दिवसभर कंबर आणि मांड्याच राबतात, म्हणजे पोरीला सुट्टी मिळतच नव्हती. त्यांनी बायांकडे बोट दाखवलं. "ह्या बाया रोज करतात. त्यायले काई होऊन राहिलं का?"

रांगेतली कौसल्याबाई पाठ सरळ करत म्हणाली, "आमाले कोनी इचारलंच कुठं, भाऊ?" आणि पुन्हा वाकली.

ओरडून काम होत नाही हे दिसल्यावर मी सौद्याला बसलो. स्पर्धेपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या मागितल्या. पटले एकच द्यायला तयार. मी म्हटलं, पोरीच्या जागी माझी चार पोरं घ्या. जिममधली सगळ्यात दणकट. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. एका पोरीच्या बदल्यात चार पैलवान. त्यांना सौदा स्वस्त वाटला.

पुढच्या सुट्टीला पोरं गेली. मीही गेलो. बायांनी त्यांचे दंड पाहून आधी कौतुक केलं, मग तासाभरात हसायला सुरुवात केली. पोरांची रांग वाकडी जात होती, रोपं मागे तरंगत होती. दुपारी दोघे बांधावर आडवे झाले. कौसल्याबाई त्यांना म्हणाली, "एवढा बदाम खाऊन काऊन झोपून राहिले, बाबू?"

दुसऱ्या सकाळी पटले तक्रार घेऊन जिममध्ये आले. मी त्यांना खुर्ची दिली. समोर रोवणीला गेलेल्या चौघांतला इम्रान होता, दीडशे किलोची बैठक मारणारा. त्याच्या खांद्यावर नुसता बार होता. अर्ध्यात गेला, "या अल्लाह" म्हणाला आणि बार ठेवून भिंत धरली. बाकीचे तिघे पायऱ्या आडव्या पायाने चढत होते.

पटल्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"एका दिवसात हे असं झालं?"

"तुमची पोरगी हे करून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नव्वद किलो उचलायला बघत होती, भाऊ."

ते उठले. दारातून म्हणाले, "तुमचे पोरं नोका पाठवू. अर्धी बांधी पुन्हा रोवा लागते. पोरगी राहील घरी."

हे असंच होणार हे मला आधी माहीत होतं का, असं इम्रान आजही विचारतो. मी विषय बदलतो.

शेवटच्या आठवड्यात मी रोशनीला हलकंच वजन दिलं. ती घाबरली, ताकद जाईल म्हणाली. मी गप्प बसवलं, पण झोप मलाही नव्हती.

स्पर्धेला पटले आमच्याबरोबर रेल्वेने आले. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन पंच असतात. उचल बरोबर असेल तर पांढरा दिवा, चुकीची असेल तर लाल. शेवटच्या बैठकीला रोशनीने पंचाण्णव मागितले. ती खाली गेली, क्षणभर अडकली, आणि वर आली. तिन्ही दिवे पांढरे. पटल्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखला. तिन्ही प्रकार मिळून ती तिसरी आली. ब्राँझ. ते पाहुणे बिरसीला आलेच नाहीत, पटल्यांनी स्वतः फोन करून नको सांगितलं. परतीच्या गाडीत मी गोंदिया येईपर्यंत झोपलो.

चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर 'आराम जिम' म्हणणाऱ्याचा फोटो रोशनीपेक्षा मोठा होता. माझं नाव नव्हतं.

आता नवीन पोर आलं की मी आधी वजन विचारत नाही. घरी शेत किती, घरात माणसं किती, धान कोण रोवतं, ते विचारतो. आईबापांना वाटतं, मास्तर स्थळ बघून राहिला.