माहे वांगे बगदादहून परत आले

मायबहिणींनो, आज पुलगावच्या बाजारात माह्या वांग्याइनं पहिलं महायुद्ध लढलं!

झालं असं, आमचे रिटायर मास्तर भाजी घ्याले आले अन् माह्या पोत्यावरच लढाई मांडून बसले. पत्ताकोबी म्हणजे बगदाद. चवळीच्या शेंगा म्हणजे नदी. वांगे म्हणजे इंग्रजाइसाठी लढाले गेलेले आपले शिपाई.

"इंग्रज साहेब हट्टानं पुढं गेला, रसद सरली, फौज घेरली गेली. पोट्टे उपाशी मेले," मास्तर म्हणे. "मी सेनापती असतो तं बगदाद सोडूनच देलं असतं." अन् एकेक वांगं नदीच्या काठानं माघारी आणून राह्यले.

"पण मास्तर, मंग जिंकलं कोण?"

"कोणीच नाई. पण सारे घरी आले."

त्याइचा पोरगा फौजेत आहे. आठवडाभर त्याचा फोन नाई, हे मले मालूम होतं. गिऱ्हाईक खोळंबले, तरी मी मास्तरचा डाव मोडला नाई.

शेवटी इचारलं, "हेच वांगे तोलू का?"

"नको वो बाई. आताच तं घरी आले, कापू कसे?"

मास्तर पत्ताकोबी घेऊन गेले. ते वांगे मले बी विकवले नाई. आत्ता माह्या स्वयंपाकघरात बसून आहेत.

सांगा, तुम्ही कापले असते का?