प्रेशर उतरायच्या आत

आनंद फसफसला नाही तर तो आनंदच नव्हे, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. दीपनगरच्या वसाहतीत मी नवा नवा नोकरीला लागलो, तेव्हा सगळ्यांसारखं मीही त्यांना भाऊ म्हणू लागलो. भाऊ वीजकेंद्रात बॉयलरवर होते. तिथली राक्षसी दाबाची वाफ हा माणूस तोंडात सुपारी धरून शांतपणे सांभाळायचा. घरी मात्र सोड्याची बाटली हातात आली की त्याच्याच अंगात वाफ भरायची. कुणा मोठ्या साहेबाच्या निरोपसमारंभात क्लबात एक फेसाळणारी विलायती बाटली उघडताना त्यांनी पाहिली होती. आतलं चाखायला मिळालं नाहीच, पण बूच उडालं, फेस उसळला आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन साहेब खो खो हसले. तेव्हापासून पेढा हा पदार्थ भाऊंच्या मनातून कायमचा उतरला. "पेढा खाऊन माणूस हात धुवायला जातो हो," ते म्हणायचे, "हसत नाही."

मग घरच्या घरी कॉकटेल सुरू झालं. घरात अक्का, म्हणजे भाऊंच्या आई, असताना दारूचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे त्या कॉकटेलमध्ये विलायती काय ते नाव. बाकी गोटी सोडा, लिंबू, आलं, काळं मीठ आणि त्या त्या मोसमात जे फळ फुकट मिळेल ते. निमित्ताला तोटा नव्हता. कूलरला नवा वाळा बसवला, कॉकटेल. भाचीच्या पोराला पहिला दात आला, कॉकटेल. एकदा सावद्याच्या मित्रानं केळीचा घड पाठवला, तर त्यांनी केळी आणि सोडा मिक्सरमध्ये घालून झाकण दाबून धरलं आणि बटण फिरवलं. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुसऱ्या दिवशी काठीला फडकं बांधून छत पुसत होत्या. भाऊ खाली उभे राहून समाधानानं म्हणाले, "प्रेशर बरोबर होतं, झाकण कमी पडलं."

पण त्यांचा खरा शत्रू झाकण नव्हे, आपला खानदेशी पाहुणा. घरच्या रिवाजाप्रमाणे अक्कांचा पहिला घोट झाला की भाऊ ग्लास पुढे करायचे, तर पाहुणा म्हणायचा, "आधी नानांना द्या." नाना म्हणायचे, "माझं काय एवढं, लेकरांना द्या." लेकरं आईकडे बघायची. मग कुणी तरी दोन शब्द बोलायला उभं राहायचं आणि दोनाचे दोनशे करायचं. "घ्या हो, प्रेशर उतरतंय!" असं भाऊ कळवळून ओरडायचे. शेवटी सगळे मिळून जे प्यायचे, त्याला कुठल्याही गावात लिंबाचं सरबतच म्हणतात. माझी नोकरी कायम झाली तेव्हाही मी तेच प्यालो आणि "वा, काय फसफसतंय!" असं म्हणालो. शेजारधर्म पाळावा लागतो.

अशात एका जूनमध्ये वहिनी दहावी पास झाल्या. सातवीतून लग्न होऊन आलेल्या बाईनं संसार रेटून, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. पहिल्या खेपेला गणितानं दगा दिला, दुसऱ्या खेपेला त्यांनी गणितालाच लोळवलं. अक्कांना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. अक्का दोंडाईच्याकडच्या, बोली अहिराणी आणि बोलायला फटकळ. वहिनी पुस्तक उघडून बसल्या की पलंगावरून आवाज यायचाच, "भांडा घासाले दहावी लागस का?" वहिनी ऐकून घ्यायच्या आणि पुस्तक मिटून भाकरी थापायला उठायच्या. निकाल लागला तेव्हा त्यांनी भाऊंना शपथच घातली, की अक्कांना बरं वाटणार नाही, कुणाला सांगू नका. भाऊंनी ती शपथ तंतोतंत पाळली. कुणालाही काही न सांगता त्यांनी अख्ख्या वसाहतीला नुसतं कॉकटेलचं आमंत्रण दिलं.

सत्यनारायणालाही न फिरकणारी मंडळी त्या संध्याकाळी कॉकटेल या नावाला भुलून खिशात खारे शेंगदाणे घालून हजर झाली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांच्या बायकाही आल्या. जांभळांचा मोसम होता. ग्लासात दाट जांभळा रस, चिमूटभर काळं मीठ, वरून भाऊंनी सोडा सोडला आणि रंगीत फेस काठापर्यंत चढला. दिसायला अगदी वाइन! शेंगदाणेवाल्यांचे चेहरे उजळले. "आमच्या घरात एक जण दहावी पास झालंय," भाऊ म्हणाले. "वा! कुठाय पोरगा?" कुणी तरी विचारलं. भाऊंनी स्वयंपाकघराकडे हात केला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

सगळे ग्लास धरून उभे. अक्कांच्या आधी त्या घरात कुणी घोट घेत नसे. भाऊंनी ग्लास आईपुढे धरला. फेस बसू लागला, तरी प्रेशरचं नाव त्यांनी काढलं नाही. अक्का त्या जांभळ्या फेसाकडे बघत राहिल्या.

"हाई काय शे?"

"जांभूळ शे, अक्का."

"पास कोन व्हयनं?"

"तुनी सून."

"मंग माले कसाले दी राहिना?" अक्कांनी ग्लास हातात घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज चढवला, "वं सुनबाई! बठ्ठा लोक उभा शेतस, तू चुल्हापुढे काय करी राहिनी? इकडे ये. पहिला घोट तुना."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. सासूच्या हातून ग्लास घेतला आणि उभ्या उभ्या, एका दमात, अख्खा रिकामा केला. वर फेसाची जांभळी मिशी आली. बायका हसल्या, मग अक्काही हसल्या, आणि दारू नाही हे कळलेले शेंगदाणेवालेसुद्धा टाळ्या वाजवू लागले. भाऊ मात्र बायकोकडे बघतच राहिले. स्वतःचा ग्लास प्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

दोन वर्षांनी वहिनी बारावीला बसल्या आणि इंग्रजीत नापास झाल्या. निकालाच्या दिवशी भिंतीपलीकडे दिवसभर सामसूम होती. संध्याकाळी भाऊंची हाक आली. जाऊन बघतो तर ओट्यावर जांभळं आणि सोड्याच्या बाटल्या. "भाऊ, आज कसलं कॉकटेल?" मी हळूच विचारलं. "कसलं म्हणजे? बसली ना परीक्षेला!" ते म्हणाले. मी एकदा नापास झालो होतो, त्या दिवशी माझ्या घरी चूल पेटली नव्हती. इथे चौघांचे चार ग्लास भरले गेले. वहिनींचे डोळे सुजलेले होते. अक्का ग्लासाला हात न लावता वाट बघत बसल्या, आणि वहिनींनी कुणी न सांगता, आपण होऊन, पहिला ग्लास उचलला.