जुलैमधली सावली
ऑक्टोबर सरताना, इथला उन्हाळा ओसरल्यावर, बाल्कनीचं दार पहिल्यांदा उघडलं, की खालच्या बागेतल्या ओल्या मातीचा वास घरात येतो आणि मला काही वर्षांपूर्वीची जुलैमधली एक दुपार आठवते. इथे आखातात, अल रीम आयलंडवर राहायला येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. बाहेर भट्टीसारखी हवा तापली होती. मी सामानाच्या पिशव्या घेऊन आले, तर लॉबीच्या दाराशी, जिथे फटीतून एसीचा गारवा येतो, तिथे बागेत काम करणारा एक म्हातारा माणूस पाय पसरून बसला होता. मी फोनवर नवऱ्याला मराठीत म्हणाले, "एवढं भाडं भरायचं आणि दारात हे लोक लोळणार. सिक्युरिटीला सांग जरा." तो माणूस सावकाश उठला, चपला हातात घेऊन म्हणाला, "बाय, बारा वाजले की बागेत बसण्याजोगी सावली राहत नाय, म्हणून हितं बसलो. जातो." बोली माझ्या आजोळची, रत्नागिरीकडची होती. मी पिशव्या उचलून लिफ्टकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी गार पाण्याची बाटली घेऊन खाली गेले. तो कुंपणाच्या भिंतीला चिकटून हातभर सावलीत बसला होता. मला पाहताच घाईने उभा राहिला आणि म्हणाला, "हितं पण नको बसू?" मी हातानेच 'बसा' अशी खूण करून बाटली पुढे केली, त्याने ती घेतलीही, पण माफी मागायची राहिली. आता त्या बागेत दुसरीच माणसं काम करतात.